किनारपट्टीच्या दमट उन्हाळ्यात बांधकामावरच्या माणसांना कसे सांभाळावे

पनवेलजवळ एका निवासी इमारतीच्या कामावर देखरेख करणाऱ्या स्थापत्य अभियंत्याने प्रश्न विचारला आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅबचे काम चालू असताना त्यांचे दोन बिगारी चक्कर, उलट्या आणि पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसले. त्या वेळी मोबाइलवर तापमान ३४ अंश दिसत होते. साइटवर पिण्याच्या पाण्याचे जार आहेत आणि दुपारी लिंबू सरबतही वाटले जाते. नागपूर-चंद्रपूरकडे ४३ अंशांत माणसे काम करतात, मग आपल्याकडे ३४ अंशांत ती का कोसळतात, पावसाला सुरुवात होईपर्यंत काम कसे चालवावे आणि या दोघांना पुन्हा कामावर केव्हा घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. ठाणे आणि रायगड पट्ट्यातील बांधकामांवर औद्योगिक आरोग्याचा डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि पारा कमी म्हणजे धोका कमी, हा समज किनारपट्टीवर किती महागात पडतो हे दर उन्हाळ्यात पाहतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कष्टाचे काम करताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा साधारण पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो आणि उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता बाहेर गेली नाही तर शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून चढू लागते. थंड हवेत ती त्वचेवरून आपोआप निघून जाते, परंतु हवा ३४-३५ अंशांची असली की हवेत आणि त्वचेत फरकच उरत नाही आणि घाम वाळणे हा एकच मार्ग शिल्लक राहतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून ठिबकून जमिनीवर पडला तर शरीराला त्याचा काहीही उपयोग होत नाही, फक्त पाणी आणि मीठ तेवढे जाते. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे जसे दिवसभर ओलेच राहतात, तसे दमट हवेत अंगावरच्या घामाचे होते. त्यामुळे घामाने निथळणारा माणूस पाहून ‘चांगला घाम येतो आहे, म्हणजे शरीर थंड होते आहे’ असे आपल्याकडे समजू नये.

याचे मोजमाप वेट बल्ब तापमानाने होते, म्हणजे ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकावर वारा घेतल्यावर तो जितका खाली उतरतो तो आकडा. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब सुमारे २२ अंश येतो. पनवेलला ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तो २८ अंशांच्या पुढे जातो. घामाने शरीर थंड करण्याचा विचार केला तर ३४ अंशांचे पनवेल ४२ अंशांच्या नागपूरपेक्षा कठीण ठरते. याचा अर्थ विदर्भातला उन्हाळा सौम्य असतो असा मुळीच नाही. तिथला धोका तापलेल्या हवेचा, उन्हाचा आणि शरीरातले पाणी झपाट्याने आटण्याचा आहे. आपल्याकडे मात्र पाणी पोटात असूनही शरीर तापत जाते आणि म्हणूनच आपण पाण्याची आणि सरबताची सोय करूनही ती दोन माणसे बसली.

हवामान खात्याच्या निकषांतही हे दिसत नाही. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल तेव्हा उष्णतेची लाट धरली जाते, म्हणजे ३४ अंशांच्या दिवशी लाटेचा इशारा येणारच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्या साइटपासून जवळच, खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उन्हात बसलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले, त्या दिवशीही पारा चाळिशीला पोचलेला नव्हता. ती माणसे तर घमेली उचलत नव्हती, नुसती बसून होती.

म्हणून पहिली सूचना अशी की मोबाइलवरचा आकडा पाहून निर्णय घेणे थांबवावे आणि साइटवरच, सावलीत पण वाऱ्याला, कोरडा व ओला असे दोन तापमापक असलेले साधे आर्द्रतामापक लावावे. ऊन, वारा आणि दमटपणा यांचा एकत्र विचार करणारा डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक आहे. त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला १० टक्के महत्त्व दिलेले असते. आपल्या त्या दिवसाचा ढोबळ हिशेब मी मांडून पाहिला. वेट बल्ब २८.५, काळा गोळा ४५ आणि हवा ३४ धरली तर निर्देशांक ३२ अंशांच्या पुढे जातो. सवय झालेल्या माणसाने जड काम सलग करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात धरलेली मर्यादा २६ अंशांची आहे. हे उपकरण हाताशी नसेल तर माझा ठोकताळा असा आहे की ओला तापमापक २७ अंशांच्या वर गेला की जड कामात दर अर्ध्या तासाला दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती सुरू करावी आणि तो २९ अंशांच्या वर गेला की उन्हातले जड काम बंद ठेवून माणसे सावलीतल्या हलक्या कामाला लावावीत.

आता त्या दोन बिगाऱ्यांकडे वळतो. ते गावाहून केव्हा परतले, हे मुकादमाला विचारून पाहावे. बिहार, झारखंड आणि उत्तर प्रदेशातले मजूर होळीला गावी जातात, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला परततात आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी स्लॅबवर चढतात. नेमक्या त्याच सुमारास कोकणातली हवा दमट होऊ लागलेली असते. उष्णतेत काम करण्याची सवय शरीराला साधारण सात ते चौदा दिवसांत होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. ही सवय आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ काम सुटले की उतरू लागते. अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या म्हणण्यानुसार कामावर उष्णतेने होणाऱ्या दर चार मृत्यूंपैकी जवळजवळ तीन मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असेल असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतले काम नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिस्स्याइतकेच द्यावे आणि रोज तेवढीच भर घालत पाचव्या दिवशी पूर्ण काम द्यावे, असा नियम आहे. जुना पण सुट्टीवरून आलेला माणूस असेल तर पहिल्या दिवशी निम्मे, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम चालते. उरलेल्या वेळात त्याला सळई मोजणे, सामान लावणे, खालच्या मजल्यावर साफसफाई अशी कामे सावलीत देता येतात. अशा माणसाच्या हेल्मेटला रंगीत टेप लावावी, म्हणजे तो नवा आहे हे स्लॅबवरच्या प्रत्येकाला दिसते आणि मुकादमाला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. ज्या साइटवर ही एक गोष्ट नेटाने पाळली जाते, तिथे माणसे कोसळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते, असा माझा अनुभव आहे, आणि दहा उपायांपैकी एकच करता येत असेल तर हाच करावा असे मी सांगेन.

स्लॅबचा दिवस हा सगळ्यात अवघड दिवस असतो, कारण काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मध्येच थांबता येत नाही. थांबले तर कोल्ड जॉइंट पडतो, म्हणजे आधीचे आणि नंतरचे काँक्रीट एकजीव न होता मध्ये कच्चा सांधा राहतो. तयार काँक्रीट आणणाऱ्या गाड्या, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, रांगेत उभ्या असतात, सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटला खालून धरणाऱ्या तात्पुरत्या साच्याच्या, लोखंडी प्लेटा तापलेल्या असतात, ओल्या काँक्रीटमधून वाफ अंगावर येते आणि माणसांच्या पायांत गमबूट, हातांत मोजे, अंगावर पॉलिस्टरचे चमकदार जाकीट असते. काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटर यंत्राच्या आवाजात ते धरलेल्या माणसाचे बोलणे चार फुटांवरही ऐकू येत नाही, त्यामुळे कोणाला बरे वाटत नसले तरी ते तो सांगू शकत नाही. यावर उपाय दोन आहेत. काँक्रीट पुरवणाऱ्या प्लांटशी आधी बोलून पहिली गाडी पहाटे पाच वाजता किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर बोलवावी. प्रकाशाची व कठड्यांची नीट सोय असेल आणि स्थानिक नियम आड येत नसतील तर रात्रीचा स्लॅब उत्तम. दुसरे म्हणजे एकच टोळी सलग न राबवता दोन टोळ्या आलटून पालटून लावाव्यात, म्हणजे काम न थांबता माणसे थांबतात. टोळी वाढवण्याचा खर्च ठेकेदाराला आधी मान्य करायला लावावा.

यात एक अडचण उक्त्या कामाची आहे. सळई बांधणाऱ्याला टनावर आणि गवंड्याला चौरस फुटावर पैसे मिळत असतील तर विश्रांतीची दहा मिनिटे त्याच्या खिशातून जातात आणि तो ती घेणार नाही, आपण कितीही फलक लावले तरी घेणार नाही. विश्रांतीचा मोबदला दरातच धरावा लागतो. काम किती वेगाने व्हायचे हे बिगारी ठरवत नाही, ते ठरवणारा दुसराच कोणी असतो. म्हणून उष्णतेपासून जपण्याची जबाबदारी बिगाऱ्याच्या समजूतदारपणावर सोडणे मला अन्यायाचे वाटते.

विश्रांती कुठे घ्यायची यालाही महत्त्व आहे. हिरव्या जाळीखाली पत्र्याला टेकून बसणे ही विश्रांती नव्हे. ज्या मजल्याचे सेंटरिंग निघाले आहे, तिथली दोन्ही बाजूंनी वारा येणारी जागा सगळ्यात चांगली. तिथे मोठा स्टँडचा पंखा लावावा; दमट हवेत अंगावरचा घाम वाळवण्याचे काम वाराच करतो. माणसाने हेल्मेट, जाकीट, मोजे आणि गमबूट काढून बसावे. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या ठेवून कोपरापर्यंत हात त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवायला सांगावे. हाताच्या पंजातून आणि मनगटाजवळून भरपूर रक्त वाहत असते, त्यामुळे शरीरातली उष्णता या साध्या उपायाने लक्षणीय उतरते. अग्निशमन दलांतही ही पद्धत वापरली जाते. उत्तरेकडचे मजूर कोरड्या लूपासून बचावासाठी डोके, तोंड आणि मान गमछ्याने घट्ट आवळून घेतात. तिथे ते योग्य आहे, पण आपल्या हवेत गमछा ओला करून मानेवर सैल टाकावा आणि सदरा सुती, पातळ व ढगळ असावा.

पाण्याबद्दल. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी प्यावे आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये. तहान लागण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. जार तळमजल्यावर आणि माणूस सातव्या मजल्यावर असेल तर तो चार तास पिणारच नाही, म्हणून पाणी कामाच्या मजल्यावर पोचले पाहिजे आणि ते फिरवण्यासाठी एक माणूस नेमला पाहिजे. दोन तासांपेक्षा जास्त घाम जात असेल तर नुसते पाणी पुरत नाही. पोटऱ्यांत येणारे गोळे बहुधा घामातून मीठ गेल्याचे लक्षण असते आणि अशा वेळी केवळ पाणीच पाणी पाजत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकते. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, मीठ घातलेली भाताची पेज, कोकम सरबत हे सगळे चालते. आपल्या लिंबू सरबतात साखर किती आणि मीठ किती पडते, हे एकदा स्वतः चाखून पाहावे. घरगुती मिश्रणासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसची पुडी असेल तर पूर्ण पुडी एका लिटरात घालावी, अर्धी पुडी पेल्यात टाकून देऊ नये. मिठाच्या गोळ्या नकोत. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

साइटवरच्या बायका पाणी कमी पितात, कारण त्यांना जायला जागा नसते. हे त्या कोणाला सांगत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यातच पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या दोन्हींची तरतूद होती, ती याच कारणाने एकत्र पाहावी लागते. बायकांसाठी कडी लागणारे, पाणी असलेले वेगळे स्वच्छतागृह कामापासून जवळ असल्याशिवाय पाणी पिण्याचा आग्रह व्यर्थ आहे.

औषधांची चौकशीही करावी. अंगदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधे उष्णता सहन करण्याची ताकद कमी करतात. ती परस्पर बंद करू नयेत, पण अशा माणसाला उन्हातल्या जड कामावर घेऊ नये. आदल्या रात्री दारू प्यायलेल्या आणि जुलाब किंवा ताप असलेल्या माणसालाही त्या दिवशी खाली ठेवावे. अंगभर घामोळे आलेल्या माणसाकडे दुर्लक्ष होते. घामोळ्यात घामाची छिद्रे बंद झालेली असतात आणि पुरळ गेल्यावरही काही आठवडे त्या भागातून पुरेसा घाम येत नाही.

रात्रीचाही विचार हवा. मे महिन्यात आपल्याकडे रात्री पारा २७-२८ अंशांखाली क्वचितच उतरतो आणि मजूर पत्र्याच्या खोल्यांत झोपतात, तेव्हा दिवसभर तापलेले शरीर रात्रीही निवत नाही आणि झोप अपुरी होते. छताला बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत, पत्र्यावर हातभर उंचीवर दुसरी सावली करावी, प्रत्येक खोलीत पंखा चालू राहील इतकी वीज द्यावी आणि संध्याकाळी अंघोळीला पुरेसे पाणी द्यावे.

माणूस कोसळण्याआधी बदललेला दिसतो. सळई बांधणाऱ्याचा हूक तारेतून पुन्हा पुन्हा निसटू लागतो, बांधलेलाच सांधा तो परत बांधायला घेतो, बोलका माणूस गप्प होतो, शांत माणूस चिडतो. म्हणून माणसे जोडीने कामाला लावावीत आणि जोडीदाराला ही लक्षणे त्याच्या भाषेत समजावून सांगावीत. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोळे असतील पण माणूस शुद्धीवर आणि नीट बोलत असेल तर त्याला सावलीत आडवा करून, पाय उंचावर ठेवून, कपडे सैल करून, अंगावर पाणी आणि वारा घेत ओआरएस घोट घोट पाजावे. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर रुग्णालय गाठावे.

बोलणे विसंगत झाले, नाव किंवा मजला सांगता येईना, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंग घामाने ओले आहे म्हणून तो उष्माघात नव्हे, असे समजू नये. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात घाम पुष्कळदा चालूच असतो. काखेत लावलेल्या तापमापकावरही विसंबू नये. १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत नुसते थांबू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती थंड झाले यावर जीव अवलंबून असतो. बांधकामावर यासाठी लागणारे सगळे असते. ताडपत्री पसरून तिच्यावर माणसाला झोपवावे, चौघांनी कडा उचलून धराव्यात आणि क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारण्याचा, पाइप सोडून त्याचे धड, मांड्या व हात पाण्यात बुडतील इतके पाणी भरावे. डोके एकाने वर धरून ठेवावे. पाइप उन्हात पडलेला असेल तर सुरुवातीचे पाणी कढत येते, ते आधी सोडून द्यावे. स्लॅबच्या दिवशी बर्फाची पेटी आणून ठेवावी आणि तो बर्फ याच पाण्यात टाकावा. आपल्या दमट हवेत ओला रुमाल कपाळावर ठेवून वारा घालणे पुरत नाही, पाणी भरपूर लागते. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, उलटी झाली तर त्याला लगेच कुशीवर वळवावे आणि पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप जंतुसंसर्गाचा नसल्याने त्या गोळीने उतरत नाही.

आपल्या दोन माणसांबद्दल आपण जे लिहिले आहे त्यावरून ते शुद्धीवर होते आणि नीट बोलत होते असे दिसते, म्हणजे हा उष्माघाताच्या अलीकडचा टप्पा होता. तरीही त्यांची लघवी चहासारखी गडद होत असेल, कमी होत असेल किंवा स्नायू अजून दुखत असतील तर मूत्रपिंड आणि स्नायूंच्या तपासण्या आजच करून घ्याव्यात. तसे काही नसेल तर दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी आणि मग त्यांना नवीन माणसासारखेच पाचव्या हिस्स्यापासून चढत्या क्रमाने काम द्यावे. शुद्ध हरपली असती तर रुग्णालयातून सुटल्यावरही किमान आठवडाभर काहीच श्रम नकोत, तपासण्या सामान्य आल्यावरच हलके काम, आणि स्लॅबचे काम या मोसमात जवळजवळ नकोच, असे मी सांगितले असते. या दिवसांची मजुरी मात्र दोघांनाही द्यावी. ती कापली तर पुढच्या खेपेला चक्कर आलेला माणूस जिना उतरून सावलीत येणार नाही, स्लॅबवरच उभा राहील.